पंडितांचा ‘मोचनगड’ : रामचंद्र भिकाजी गुंजीकर

शाळामास्तराने व्याकरण लिहिले तर कोणाला नवल वाटत नाही. त्याने आपल्या समाजाचा इतिहास लिहिला तरी लोक ‘मास्तरांना नाद आहे’ म्हणून सोडून देतात. पण त्याच मास्तराने गड-किल्ल्यांची, बंदिवासाची आणि सुटकेची, पुढचे पान उलटल्याशिवाय राहवू नये अशी गोष्ट लिहिली, की भुवया वर जातात. विद्वानाने असल्या फंदात पडावे काय, असा प्रश्न आपल्याकडे आजही विचारला जातो. हा प्रश्न मनात घेऊन रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्याकडे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर मराठी वाङ्मयाने दीडशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे असे ध्यानात येते.

गुंजीकरांचे नाव आज बहुतेकांना एका ओळीपुरतेच ठाऊक असते. ‘मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी – मोचनगड, सन १८७१’. स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकात ती ओळ असते आणि तिथेच संपते. पण या एका ओळीमागे ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकाचा संपादक आहे, ‘अभिज्ञानशाकुंतल’ मराठीत आणणारा भाषांतरकार आहे, ‘कौमुदीमहोत्साह’ लिहून पाणिनीचे व्याकरण मराठी वाचकाच्या हाती देऊ पाहणारा वैयाकरण आहे, आणि ‘सरस्वतीमंडळ’ या ग्रंथात महाराष्ट्रातील ब्राह्मणजातींचा वृत्तांत मांडणारा संशोधकही आहे. ही सारी एकाच माणसाची कामे. ती एकाच माणसाने का केली, आणि त्यातून आपण, म्हणजे दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी, काय घ्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

जांबोटीचा मुलगा

गुंजीकरांचा जन्म १० एप्रिल १८४३ चा, बेळगाव जिल्ह्यातील जांबोटीचा. या अंकाच्या अनेक वाचकांना जांबोटी सांगायला नको. खानापूर तालुक्यातले, बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला उतरताना लागणारे, पावसाने झोडपलेले आणि रानाने वेढलेले हे गाव. जवळच कणकुंबीला मलप्रभेचा उगम. पलीकडे उतरले की कोकणी, अलीकडे सरकले की कानडी, आणि घरात मराठी. अशा गावात वाढणाऱ्या मुलाला भाषा हा विषय शाळेत शिकावा लागत नाही. बाजारात मीठ घेताना एक बोली, देवळात दुसरी, कचेरीत तिसरी. कोणता शब्द कुठे चालतो आणि कुठे अडतो हे त्याला लहानपणीच कळते.

सीमेवरच्या माणसाला व्याकरणाची गोडी का लागते याचे उत्तर मला यातच दिसते. पुण्याच्या माणसाला आपली भाषा हवेसारखी वाटते. ती आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. जांबोटीच्या किंवा निपाणीच्या किंवा आमच्या लिंबायतच्या माणसाला मात्र ती रोज जपावी लागते. शेजारी दुसरी भाषा उभी असते आणि ती तुलना करायला लावते. गुंजीकरांना संस्कृत, इंग्रजी आणि कानडी यांचे ज्ञान होते. त्यांनी मुंबईस शिक्षण घेतले, शिक्षकाचा पेशा पत्करला, आणि वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी एका मासिकाची सूत्रे हाती घेतली.

एका मासिकात सगळे

ते मासिक म्हणजे ‘विविधज्ञानविस्तार’. १८६७ साली ते सुरू झाले आणि १९३७ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे, मराठी विद्वत्तेचे ते एक मोठे व्यासपीठ होते. पहिली सुमारे सात वर्षे त्याचे संपादन गुंजीकरांकडे होते. नावातच त्यांची प्रतिज्ञा आहे. ‘विविध’ ज्ञान, आणि त्याचा ‘विस्तार’. एका विषयाला वाहिलेले हे मासिक नव्हते. व्याकरणाचा वाद, ग्रंथपरीक्षण, इतिहास, शास्त्रीय माहिती, नाटक आणि कथा ही सारी एकाच बासनात बांधून वाचकाच्या दारी येत.

आज आपण साहित्याचे मासिक वेगळे, इतिहासाचे वेगळे, रहस्यकथांचे वेगळे आणि शिक्षणाचे वेगळे अशी वाटणी गृहीत धरतो. १८६७ साली ती शक्य नव्हती, कारण तेवढे वाचकच नव्हते. मराठी वाचणारा मनुष्य होता तो शाळेतून नुकताच बाहेर पडलेला कारकून, मास्तर, तलाठी, वकिलाचा मदतनीस. पोथीची सवय मोडत चाललेली आणि छापील गद्याची अजून जडायची. गुंजीकरांना लेखकाइतकाच वाचकही घडवायचा होता. ‘विद्यावृद्धीच्या कामी आमची अनास्था’ हे त्यांच्या एका लेखनाचे नावच त्यांच्या मनातली सल सांगून जाते. अनास्थेवर नुसत्या उपदेशाचा उपाय चालत नाही, हे शिक्षकाला पहिल्या आठवड्यातच कळते. वर्गात मुले पेंगू लागली की शहाणा मास्तर छडी उगारत नाही, गोष्ट सांगतो. गोष्टीने डोळे उघडले की मग पुन्हा फळ्याकडे वळतो. गुंजीकरांनी मासिकात हेच केले. व्याकरणाच्या चर्चेच्या शेजारी ‘मोचनगड’ क्रमशः छापली.

त्यांच्या या वृत्तीचा आणखी एक पुरावा द्यावासा वाटतो. १८७४ मध्ये त्यांनी ‘लाघवी लिपी’ हे पुस्तक काढले. भरभर लिहिण्याची युक्ती, म्हणजे आपण ज्याला आज लघुलेखन म्हणतो तो विषय. पाणिनीचा अभ्यासक माणूस लघुलेखनाच्या खटाटोपात पडतो, कारण त्याच्या दृष्टीने भाषा ही पूजेची वस्तू नसून वापरायची वस्तू आहे. ती नेमकी हवी, तशीच वेगवानही हवी, आणि हवीहवीशीही वाटली पाहिजे. व्याकरण, लघुलेखन आणि कादंबरी ही त्या तीन गरजांची तीन उत्तरे आहेत असे मी समजतो.

‘मोचनगड’चे वेगळेपण

मराठी कादंबरी तेव्हा पाळण्यातच होती. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. हळबे-रिसबूड यांच्या कादंबऱ्यांत राजपुत्र, राजकन्या, दुष्ट प्रधान आणि अद्भुत योगायोग यांची रेलचेल. कुठला देश, कुठला काळ, याचा पत्ता नाही. वाचकांना त्या फार आवडत. विचारी मंडळींना मात्र त्या खटकत. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक’ यांविषयी निबंध लिहून या अद्भुताचा समाचार घेतला. ‘कादंबरी’ हा शब्दही तेव्हा पुरता रुळला नव्हता. ‘नावल’ म्हणूनही काम भागत असे.

गुंजीकरांनी अद्भुताची ओढ ओळखली, पण तिला देश आणि काळ दिला. मोचनगड हा किल्ला कल्पित, माणसे बहुतांशी कल्पित, पण काळ शिवशाहीच्या उदयाचा. ‘मोचन’ म्हणजे सुटका. नावातच उत्कंठा भरलेली आहे. कोणाची सुटका, कोणापासून, आणि होणार की नाही? वाचकाने पान उलटावे म्हणून जे जे लागते ते सारे या विषयात आहे. चढायला अवघड गड, आत अडकलेली माणसे, बाहेर जमू लागलेली नवी सत्ता. आणि तरीही हे परीराज्य नाही. सह्याद्रीतला कोणताही मनुष्य खिडकीतून पाहून ‘असाच गड’ म्हणेल असे हे जग आहे.

ही कादंबरी लिहिताना लेखकाच्या हाताशी किती थोडे होते याचाही विचार करावा. मराठ्यांचा इतिहास म्हणून ग्रँट डफचा १८२६ चा इंग्रजी ग्रंथ आणि त्याचे मराठी भाषांतर चालत असे. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने ग्रँट डफवर टीकात्मक निबंध लिहिला तो याच वर्षांत. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, म्हणजे ‘मोचनगड’नंतर सत्तावीस वर्षांनी. दप्तरे अजून वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात होती. अशा वेळी शिवकाळ हा कादंबरीचा विषय होऊ शकतो, आपला गतकाळ ही केवळ बखरीची बाब नसून घरोघर वाचायची गोष्ट होऊ शकते, हे ओळखणे हीच मोठी झेप होती. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’पासून आजपर्यंतच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची जी दिंडी निघाली, तिच्या पुढे हा जांबोटीचा मास्तर आहे.

अर्थात ‘मोचनगड’ निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. आजचा वाचक तिच्या भाषेत अडखळतो. माणसे स्वभावापेक्षा प्रसंगाने चालतात. पण पहिल्या वाटसरूच्या पायवाटेला डांबरी रस्त्याची मापे लावू नयेत.

त्याच सुमारास, १८६९ मध्ये, जोतीराव फुले यांनी शिवाजीराजांवर पवाडा रचला, ही गोष्टही विसरू नये. गुंजीकरांचा गड सुशिक्षित वाचकासाठी होता, फुल्यांचा पवाडा शेतकऱ्या-कुणब्यांच्या कानासाठी. दोघांना एकाच काळात एकाच राजाची आठवण झाली, आणि दोघांनीही ती रसाळ प्रकारातून सांगितली. कोरडा प्रबंध कोणीच लिहिला नाही.

सुरतेचे हेडमास्तर

आता मी ज्या गावात राहतो त्या सुरतेकडे वळतो, कारण ‘मोचनगड’ची एक थोरली बहीण येथे जन्मली आहे. १८६६ साली, म्हणजे मोचनगड पुस्तकरूपाने येण्याआधी पाच वर्षे, नंदशंकर तुळजाशंकर मेहता यांची ‘करण घेलो’ प्रसिद्ध झाली. गुजरातीतील ही पहिली कादंबरी मानली जाते, आणि तीही ऐतिहासिक. नंदशंकर (१८३५–१९०५) सुरतेचेच. येथील इंग्रजी शाळेचे ते पहिले हिंदी हेडमास्तर. शिक्षणखात्यातील रसेल नावाच्या साहेबाने, गुजराती लोकांना वाचण्याजोगी गोष्टींची पुस्तके नाहीत, ती इंग्रजी धर्तीवर कोणी लिहावीत, अशी इच्छा व्यक्त केली आणि या मास्तरांनी लेखणी उचलली.

कथा गुजरातचा शेवटचा राजपूत राजा करण वाघेला याची. राजा आपल्या माधव प्रधानाच्या पत्नीवर मोहित होऊन तिला पळवतो. सूडाने पेटलेला माधव दिल्लीला अल्लाउद्दीन खिलजीकडे जातो आणि १२९९ मध्ये गुजरात पडते. राणी कौलादेवी दिल्लीच्या हाती लागते. राजा कन्या देवळदेवीसह दक्षिणेकडे पळतो. कुठे? बागलाणात! म्हणजे आजच्या सटाण्याच्या मुलखात, साल्हेर-मुल्हेरच्या छायेत. देवगिरीच्या रामदेवरायाचा पुत्र शंकरदेव देवळदेवीला मागणी घालतो, आणि तिला देवगिरीस नेत असता वेरुळच्या लेण्यांजवळ ती अकस्मात खिलजीच्या सैनिकांच्या हाती सापडते. हा प्रसंग फार्सी तवारिखांतही आहे. अमीर खुस्रोने देवळदेवीवर काव्यच रचले. याहून थरारक कथानक कोणत्या रहस्यकथाकाराला सुचले असते?

लिंबायतमधील आमच्या शाळेतल्या मुलांचे आजोळ बहुधा साक्री, नवापूर, सटाणा, अमळनेर, पारोळा या भागातले. गुजराती भाषेची पहिली कादंबरी आपल्या आजोळच्या डोंगरात येऊन संपते, हे सांगितले की मुलांचे डोळे मोठे होतात. ‘म्हणजे सर, तो राजा आपल्याकडे लपला होता?’ होय, आपल्याकडे. ज्या वाटेने करण राजा उतरला, ज्या बाजूने पुढे १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजीमहाराजांच्या फौजा सुरतेवर येऊन गेल्या, त्याच मुलखातून विसाव्या शतकात सुरत–भुसावळच्या गाडीने आमची माणसे मागावर काम करायला आली. सुरत आणि खानदेश-बागलाण यांचे नाते कापडाच्या गिरण्यांपेक्षा फार जुने आहे.

दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक गमतीचा भेद दिसतो. नंदशंकर विचारतात, आपण हरलो कसे? गुंजीकर विचारतात, आपण सुटलो कसे? एकाने पतन निवडले, दुसऱ्याने मोचन. १८५७ च्या नंतरच्या दशकात दोघेही शिक्षक, दोघेही इंग्रजी शिकलेले. पारतंत्र्याचा प्रश्न त्यांना उघड विचारता येत नव्हता. तो त्यांनी तेराव्या आणि सतराव्या शतकाच्या आडून विचारला. रंजक कादंबरीच्या पोटात केवढा गंभीर विचार दडू शकतो याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

आणखी एक धागा. मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचे मराठी व्याकरण १८३६ चे, ते काही काळ सुरतेस शिक्षक होते. दुर्गाराम मेहता यांच्यासमवेत १८४४ मध्ये ‘मानवधर्मसभा’ स्थापन करणाऱ्यांत ते होते. पुढे मुंबईस निघालेल्या परमहंस सभेचे बीज या सुरतेत पडले. मराठी वैयाकरण आणि गुजराती सुधारक एका शहरात एका बैठकीत बसत, आणि भाषा त्यांच्या आड येत नसे. दादोबांचे आत्मचरित्र आणि गुंजीकरांचे विखुरलेले लेख या दोहोंचे संपादन पुढे एकाच अभ्यासकाने केले. ते म्हणजे गोमंतकाचे अ. का. प्रियोळकर. सीमेवरच्या माणसांची कदर बहुधा सीमेवरच्याच माणसाला असते.

‘सरस्वतीमंडळ’ आणि न लिहिलेला इतिहास

गुंजीकरांच्या तिसऱ्या दालनाविषयी, म्हणजे सांस्कृतिक इतिहासाविषयी, थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ‘सरस्वतीमंडळ अथवा महाराष्ट्र देशांतील ब्राह्मणजातींचें वर्णन’ हा ग्रंथ १८८४ चा. कोणती जात कोठून आली, तिच्या शाखा कोणत्या, आचार कोणते, याची माहिती त्यांनी जमवली. दंतकथा, ग्रंथ आणि प्रत्यक्ष व्यवहार यांची सांगड घालून एखाद्या समाजाचा वृत्तांत मराठीत लिहिण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक आहे. आजही जातींच्या इतिहासाचे अभ्यासक त्याचा आधार घेतात. ग्रंथावर वादही झाला, कारण प्रश्न मानापमानाचा होता. गुंजीकर स्वतः सारस्वत. सारस्वतांच्या दर्जाविषयी तेव्हा जी भांडणे चालली होती त्यांची धग या ग्रंथाला आहे.

येथे दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत. आपल्या लोकांविषयी आच असल्याखेरीज असला इतिहास कोणी लिहीत नाही. आणि आच असली की नजर आपल्याच अंगणापुरती राहण्याचा धोकाही असतो. ‘सरस्वतीमंडळा’त ब्राह्मणजाती आहेत. कुणबी, कोळी, महार, शिंपी, तेली, भिल्ल यांचे मंडळ त्यात नाही. जोतीरावांचे ‘गुलामगिरी’ १८७३ मध्येच निघाले होते, पण दोन्ही लेखण्या एकाच कागदावर आल्या नाहीत. हा दोष एकट्या गुंजीकरांचा नव्हे, त्या काळाच्या विद्वत्तेचा आहे.

पण मला यातून जे शिकावेसे वाटते ते वेगळे. गुंजीकरांनी आपल्या लोकांचा वृत्तांत लिहिला. आमच्या लोकांचा वृत्तांत कोण लिहिणार? लिंबायत हे रेल्वेरुळांच्या पूर्वेकडचे एक गाव. शहर वाढले तसे ते शहरात सामावले आणि यंत्रमागांच्या भोवती गल्ल्या उठल्या. येथे आणि उधना, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा या बाजूंना खानदेशातून आलेली हजारो घरे आहेत. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती, कारखान्यात हिंदी. श्रावणात कानबाई बसते, तिच्या रोटांचा प्रसाद होतो, आणि दोन दिवस साऱ्या गल्लीला खानदेशचा वास येतो. पहिली पिढी कोणत्या साली, कोणाच्या ओळखीने, कोणत्या खोलीत येऊन राहिली. एका खोलीत पाळ्यापाळ्याने दहा जण कसे झोपत. कानबाईची पहिली स्थापना कोणत्या गल्लीत झाली. पहिली मराठी शाळा कशी सुरू झाली. हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. ती गेली की दप्तर गेले. त्यांचे कागद वाड्याच्या माळ्यावर नाहीत, त्यांच्या तोंडी आहेत.

दोन कपाटे

गुंजीकर १८ जून १९०१ रोजी वारले. पुढच्याच वर्षी राजवाड्यांनी ‘कादंबरी’ हा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला आणि कादंबरीकडे इतिहासाचार्याच्या गंभीर नजरेने पाहिले. पण हळूहळू आपल्या वाङ्मयात दोन कपाटे झाली. एका कपाटात संशोधन, समीक्षा, व्याकरण आणि ‘दर्जेदार’ कादंबरी. दुसऱ्यात नाथमाधव, गो. ना. दातार, आणि पुढे बाबूराव अर्नाळकर, नारायण धारप, गुरुनाथ नाईक. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. त्यांचे धनंजय आणि झुंजार चाळीचाळीत राहत होते. पण पहिल्या कपाटाच्या मालकांनी दुसऱ्याकडे वळून पाहिले नाही, आणि दुसऱ्याच्या वाचकांना पहिल्याची किल्ली कोणी दिली नाही.

यात नुकसान कोणाचे झाले? माझ्या मते दोघांचे. विद्वत्ता वाचकाला मुकली आणि रंजन आशयाला. मागावर बारा तास उभा राहणारा मनुष्य भाड्याने आणलेली रहस्यकथा रात्री दिव्याखाली वाचत असे, हे मी लिंबायतमध्ये तरुणपणी पाहिले आहे. पुस्तकाच्या पाठी फाटलेल्या, कोपरे दुमडलेले, शेवटचे पान कोणीतरी आधीच फाडून नेलेले. त्या माणसाला कोणी अडाणी म्हणू नये. तो मराठी वाचक होता, आणि त्या पुस्तकाने त्याची मराठी परमुलखात टिकवली होती. त्याच्या हातात दुसरे पुस्तक देण्याचे काम आमचे, म्हणजे शिकलेल्यांचे होते. त्याच्या मुलाने रहस्यकथाही सोडली आणि दुसरे काही हाती धरले नाही. नातवाच्या हातात मोबाईल आहे.

गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती शिकवणे सर्व शाळांना सक्तीचे झाले आहे. मला त्यात वावगे वाटत नाही. ज्या मातीत राहायचे तिची भाषा आलीच पाहिजे, आणि आमची मुले ती झकास बोलतात. काळजी गुजरातीची नाही, मराठीची आहे. मराठी ही ‘परीक्षेपुरती’ होऊ लागली आहे. परीक्षेपुरती भाषा परीक्षेबरोबर संपते. तिला टिकवायचे असेल तर ती मुलाला परीक्षेच्या बाहेर, अंथरुणात पडून, आई ओरडेपर्यंत वाचावीशी वाटली पाहिजे. हे काम ‘शुद्धलेखनाचे नियम’ करणार नाहीत. ते गडावर अडकलेला कोणी बंदिवान करील, वेरुळच्या वाटेवर सापडलेली देवळदेवी करील. आणि मुलगा एकदा वाचू लागला, की त्याला शुद्धलेखनही लागेल आणि इतिहासही. मासिकाची जुळणी करताना गुंजीकरांनी धरलेला क्रम तोच होता.

म्हणून या अंकाच्या वाचकांना माझे सांगणे आहे. बेळगाव-निपाणीत, कारवारात, बिदरात, बऱ्हाणपुरात, बडोद्यात किंवा आमच्या सुरतेत जी मराठी घरे आहेत त्यांनी आपल्या घरातले पुस्तकांचे फडताळ एकच ठेवावे. त्यात दात्यांचा-कर्व्यांचा शब्दकोश असावा आणि अर्नाळकरही असावेत. व्याकरण असावे आणि ‘करण घेलो’ही असावी, गुजरातीतली. पाहुण्यांना दाखवायची पुस्तके पुढे आणि वाचायची मागे, असे करू नये. मुलाने धनंजय वाचला तर ‘हे काय वाचतोस’ म्हणू नये. ‘पुढे काय झाले’ म्हणून विचारावे. आणि घरात जे म्हातारे माणूस आहे त्याच्याजवळ त्याच मुलाला वही घेऊन बसवावे. आजोबा गाव सोडून कोणत्या साली आले, खिशात काय होते, पहिल्या रात्री कुठे निजले, एवढे लिहून घे म्हणावे. मुलगा लिहील तेव्हा त्याला कळेल की आपल्या घरातच एक उत्कंठावर्धक गोष्ट आहे, तीच आपला इतिहास आहे, आणि ती नीट लिहायची तर व्याकरण लागते.

गुंजीकरांची तीन दालने अशी एका वहीत येतात. जांबोटीच्या त्या मास्तराला यापेक्षा वेगळे स्मारक नको असते, असे मला वाटते.